पाचवा शनिवार

शनिवारी संध्याकाळी आमच्या बेटावर
घरोघरी मागच्या अंगणातलं धुराडं जागं होतं.
सॉनात कपडे न्यायचे नसतात, रागही नाही,
असं माझी आत्या म्हणायची
पाठीवर बर्चच्या ओल्या डहाळ्या आपटत.

सेडे चार शनिवार आली नाही.
आधी डोकं, मग पाळी, मग परीक्षा.
चौथ्यांदा तिनं कारण शोधायचेही कष्ट घेतले नाहीत.
जून तापला होता, आणि तिच्या बाह्या मनगटापर्यंत.
हियुमावर एकोणीस वर्षं बस चालवतेय मी,
मान न वळवता मागचं बघणं हेच माझं पोट,
तरी हे दिसायला महिना गेला.

दवाखान्यातल्या हिल्येनं एक घडीचा कागद दिला.
मऊ आवाज. मोकळे प्रश्न. योग्य वेळ.
योग्य वेळ किती वाजता, ते छापायचं राहिलं होतं.

मग मी वाक्यं पाठ केली,
रिकाम्या थांब्यांना म्हणून दाखवली.
एमास्तेच्या थांब्याला सांगितलं, मी रागावलेली नाही.
त्याला ते पटलं नाही.
पुढच्याला विचारलं, माझं काय चुकलं?
आणि गिअर टाकता टाकता कळलं
की हा प्रश्न माझाच आहे, पोरीच्या गळ्यात कशाला.
त्याला तिथंच उतरवला.

पाचव्या शनिवारी ती कार्डलाहून शेवटच्या बसनं निघाली,
बसली शेवटच्या बाकावर, कानात बोंडं.
मासळीची बादली घेऊन कायनाला म्हातारा एंडेल उतरला
आणि बसमध्ये आम्ही दोघीच.
रात्रीचे अकरा, तरी बाहेर उजेड.
आमच्याकडे जूनमध्ये लपायला अंधारही मिळत नाही.

मी घसा साफ केला.
पर्यटकांसाठी बसवलेला माइक चालूच होता.
"सेडे, मी रागावलेली नाही,"
सगळी बस गरजली, काचा थरथरल्या.

आरशात तिचं तोंड उघडंच राहिलं,
मग ती हसली.
किती दिवसांनी, ते मोजायचं धाडस केलं नाही.
गाडी जुनिपरच्या झुडपांशी घेतली, इंजिन चालू ठेवलं,
माइक बंद केला, दोनदा तपासला.
मागे वळले नाही.

ती एकेक बाक पुढे सरकत आली.
"कोणी सांगितलं तुला?"
"कोणी नाही. सॉनानं."
बराच वेळ वायपरकडे बघत होतो आम्ही,
पाऊस नव्हता.
"दाखवणार नाही मी."
"नको दाखवूस."
मग ती बोलली, तुकड्यातुकड्यांत,
काही वाक्यांना शेवट नव्हता,
आणि मला लावून द्यायचे होते, जिभेवर आले होते,
मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

एकच प्रश्न उरला होता. कागदावर ठळक छापलेला,
विचारल्यानं तो विचार डोक्यात पेरला जात नाही, अशी हमी देऊन.
हमी देणाऱ्याला मूल होतं का, कोण जाणे.
मी विचारलं. मरावंसं वाटतं का?
"नाही."
इंजिनाची घरघर.
"एकदा वाटलं होतं. मार्चमध्ये."

मार्चमध्ये मी काय करत होते?
बर्फाचे टायर बदलत होते बहुतेक.
"सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाले,
आवाज माझा नव्हता, पण निघाला.
"सोमवारी हिल्येकडे जाऊ. मी आत बसू की बाहेर?"
तिनं विचार केला. खराखुरा, कपाळाला आठी घालून.
"बाहेर. पण दिसशील अशी."

डेपोच्या वहीत लिहिलं, सतरा मिनिटं उशीर.
कारणाच्या रकान्यात पेन थोडं थांबलं,
मग लिहिलं: प्रवासी.

घरी पोचेपर्यंत दगड निवले होते.
कोणी पुन्हा आग पेटवली नाही.
सॉनाच्या पायरीवर बसून आम्ही धुरावलेला मासा खाल्ला,
तिच्या बाह्या मनगटापर्यंत,
हातांना तेल, बोटांना काटे.
मी माशाकडेच बघत होते.
एक मोठा काटा काढून तिनं माझ्या ताटलीत टाकला,
लहानपणी मी तिच्यासाठी काढायचे तसा,
फक्त उलटा.